तांडेलाच्या डोक्यावरचा रंग

जबाब
दिनांक १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. वेळ सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

नाव ईश्वर नाथा भोईर, वय ४७ वर्षे, धंदा सुपरहिरोंच्या ॲक्शन फिगरचे मूल्यांकन, राहणार काशीगाव, मीरा रोड पूर्व.

मी वरील नावाचा इसम स्वतः ठाण्यात हजर राहून, कोणीही शिकवलेले किंवा धमकावलेले नसताना, सांगतो ते असे:

धंद्याच्या रकान्यात हवालदार निशिगंधा मॅडम यांनी आधी "खेळण्यांचे दुकान" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. पूनम सागर भागात तळमजल्यावर माझा गाळा आहे, सतरा वर्षे आहे, पण मी खेळणी विकत नाही. ज्यांना जुन्या ॲक्शन फिगर जमवण्याचा नाद आहे ते त्या माझ्याकडे आणतात. मी त्या भिंगाखाली पाहतो, दोष लिहितो आणि शंभरापैकी गुण देतो. दोष शोधण्यात माझा हात धरणारा या भागात कोणी नाही असे लोक म्हणतात, आणि कालपर्यंत मला ते ऐकायला आवडत असे.

मॅडमनी मला विचारले की, लेस्ली व्हिन्सेंट गोन्साल्विस, राहणार उत्तन, याने काल माझी बोटे मोडली, त्याबद्दल त्याच्याविरुद्ध माझी तक्रार आहे का. मी म्हणालो, आधी काय झाले ते सगळे लिहून घ्या, मग उत्तर देतो. लेस्ली या वेळी बाहेर बाकावर बसलेला आहे.

लेस्लीला मी अकरा वर्षे ओळखतो. तो पूर्वी मालवाहू जहाजावर होता. बंदरात उतरला की इतर लोक अत्तर आणि घड्याळे आणत, हा सुपरहिरोंचे डबे आणायचा. नंतर नोकरी सोडून तो वडिलांच्या मासेमारीच्या बोटीवर जाऊ लागला. त्याच्याकडे एकेचाळीस डबे होते, सर्व सीलबंद. आमच्या धंद्यात सीलबंद म्हणजे सोवळे. डबा एकदा फोडला की आतली वस्तू कितीही चांगली असली तरी तिचे अर्धे गुण तिथेच जातात. लेस्लीच्या घरात हा नियम देवघरातल्यासारखा पाळत. त्याची बायको बर्नडेट डब्यांवरची धूळसुद्धा कोरड्या फडक्यानेच पुसायची.

लेस्लीची मुलगी क्लेअर पाच वर्षांची असताना एकदा त्याच्याबरोबर दुकानात आली होती. कपाटातले डबे बघून तिने मला विचारले, "ह्यांना भायेर कवा सोडतात?" मी तिला सांगितले की यांना बाहेर सोडत नाहीत, म्हणून तर ते नवे राहतात. तिला ते पटलेले दिसले नाही. मी तिला एक पेपरमिंट दिले.

सदर मुलीला डिसेंबर २०२३ मध्ये रक्ताचा कर्करोग असल्याचे समजले. ती दिनांक १९ सप्टेंबर २०२४ रोजी मयत झाली, तेव्हा तिला नववे चालू होते. त्या दिवशी लेस्ली समुद्रात होता. बोट दुसऱ्या दिवशी दुपारी लागली. मी मयताला गेलो नाही. त्या दिवशी बाहेरगावचा एक संग्राहक यायचा होता आणि मला वाटले की उत्तनला जाऊन यायला अर्धा दिवस मोडेल. मी मोबाईलवर हात जोडलेले चित्र पाठवले. मॅडम म्हणाल्या, हे लिहायची गरज नाही. गरज आहे.

दिनांक २५ जानेवारी २०२५ रोजी, शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास लेस्ली टेम्पो करून एकेचाळीसही डबे माझ्या दुकानात घेऊन आला. म्हणाला, सगळ्यांचे मूल्यांकन कर आणि ज्यांना हवे त्यांना दे, घरात ठेवायचे कारण राहिले नाही. मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. मुलीबद्दल काही बोलावे असे माझ्या मनात आले, पण मी डबे मोजू लागलो.

त्यातला एक डबा तो टेम्पोत मागे न ठेवता मांडीवर घेऊन आला होता. टाईड वॉर्डन नावाच्या सुपरहिरोचा, एकोणीसशे चौऱ्याण्णव सालचा. निळा अंगरखा, काळे केस, पाठीला मऊ रबराची राखाडी केप, हातात साखळी. त्याच्या गोष्टीत तो वादळात सापडलेली गलबते ओढून किनाऱ्याला आणतो. डबा पूर्ण बंद पुठ्ठ्याचा, खिडकी नसलेला, त्यामुळे आतले काही दिसत नाही. लेस्लीने सांगितले की क्लेअर याला तांडेल म्हणायची. आपल्याकडे बोटीचा जो मुख्य असतो तो तांडेल. आजारपण कळले त्या आठवड्यात तिने तो मागितला होता, आणि लेस्लीने तिला सांगितले होते की बरी झालीस की हा डबा तूच फोड. एवढे सांगून त्याने तो डबा इतर डब्यांपासून वेगळा, टेबलाच्या कडेला ठेवला. नंतर तोच उचलून इतरांत ठेवला आणि गेला.

दिनांक ३ फेब्रुवारी, सोमवारी दुपारी मी तो डबा तपासायला घेतला. जांभळ्या प्रकाशाच्या बॅटरीखाली कारखान्याचा डिंक एका रंगाचा दिसतो आणि नंतर लावलेला दुसऱ्या रंगाचा. खालच्या पाकळीचा डिंक वेगळा दिसला. भिंगातून पाहिले तर ती मैद्याची खळ होती. म्हणजे डबा खालून उघडून पुन्हा चिकटवलेला होता, आणि फार निगुतीने चिकटवलेला होता.

अशा वेळी पद्धत अशी की मालकाला फोन करायचा, त्याने हो म्हटले तरच आत हात घालायचा. मी सतरा वर्षांत ही पद्धत मोडली नव्हती. त्या दिवशी मोडली. माझी समजूत अशी झाली की कुठल्यातरी बंदरात कोणीतरी लेस्लीला वापरलेला माल सीलबंद म्हणून गळ्यात मारला आहे. मुलीला कबूल केलेला डबाच नेमका बनावट निघाला, हे त्याला कशाला सांगा, असे मला वाटले. मैद्याची खळ मला दिसली, पण बंदरातल्या ठगाच्या घरी मैदा कुठून येईल, हा विचार माझ्या मनात आला नाही. आम्हाला डबा फोडलेला दिसला की पहिला संशय लबाडीचाच येतो. लहान मूल आमच्या डोक्यात येतच नाही.

मी फिगर बाहेर काढली. नेहमीप्रमाणे पेन्सिलीने एका कागदावर दोष लिहिले. मग तीन दिवस बसून ते दूर केले. फोटो काढला तो काम झाल्यावर, कारण आमच्यात फोटो अंतिम अवस्थेचाच लावतात. आधीचा फोटो नाही. या कामाचे लेस्लीकडून काही घ्यायचे नाही असे मी ठरवले होते. मयताला गेलो नव्हतो, ते असे फेडता येईल असे वाटले होते. गुण एकतीसवरून चौसष्टवर गेले. मला स्वतःचा अभिमान वाटला, तोही लिहून घ्या.

माझे वडील मिठागरावर होते. चिमूटभर मीठ तळहातावर घेऊन ते त्याची प्रत सांगायचे. एकदा दुकानात येऊन मी एका फिगरवरचा मळ काढत होतो ते बघत बसले. जाताना म्हणाले, "मीठ मळकट दिसला म्हणून धुवाला घेव नये, धुता धुता मीठच जाते." मी त्यांना चहा पाजून रिक्षात बसवले होते. त्या तीन दिवसांत मला त्यांची आठवण आली नाही.

काल, दिनांक ११ फेब्रुवारी, मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास लेस्ली दुकानात आला. मी त्याला चाळीस डब्यांचे कागद दाखवले. तो नुसता मान हलवत होता. शेवटी मी टाईड वॉर्डन पुढे ठेवला आणि सांगितले की तुझ्या या डब्यात गडबड होती, पण मी ती निस्तरली आहे, आता नव्यासारखा झाला आहे. लेस्ली म्हणाला की हा डबा कोणी उघडलेला नाही, तो उघडणारी गेली. मी त्याला खळ दाखवली. त्याने पाकळीवर बोट फिरवले. मग विचारले, आत काय गडबड होती.

मी पेन्सिलीचा कागद काढून वाचून दाखवला. त्यावर लिहिलेले असे:

डोके: केसांचा काळा रंग पूर्ण खरवडलेला, खालचे प्लास्टिक उघडे. ओरखडे बारीक, नखाचे, मागून पुढे.
डावे मनगट: औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी, दोन वेढे, वरच्या बाजूला लाल पेनाचा ठिपका.
केप: उजवा कोपरा चावलेला. दातांच्या खुणा पाच, मध्ये एका दाताची जागा रिकामी.
साखळी: नाही. तिच्या जागी गुलाबी लोकर, गाठ मारलेली.
वास: पावडर, औषध.

लेस्लीने विचारले, "पट्टी कुठं हाय?" मी सांगितले की फेकली. त्याने विचारले, "लोकर?" मी सांगितले की तीही. केप मी गरम पाण्यात बुडवून दाबली होती, खुणा गेल्या होत्या. डोके मी आधी बारीक कागदाने घासून सपाट केले होते आणि वर काळा रंग दिला होता. हे सगळे त्याने एकेक करून विचारले आणि मी एकेक करून सांगितले. अर्धी उत्तरे देऊन होईपर्यंत, हे सगळे क्लेअरने केलेले आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. दाताच्या रिकाम्या जागेपाशी आले. मुलीचे केस औषधाने गेले होते हे मला माहीत होते. अकरा महिन्यांपूर्वी लेस्लीनेच मला तिचा टोपीतला फोटो पाठवला होता.

लेस्ली म्हणाला, "परत वाच." मी परत वाचले. त्याने तिसऱ्यांदा वाचायला लावले. तिसऱ्या वेळी मला शेवटची ओळ वाचता आली नाही, ती त्याने स्वतः वाचली.

मग तो म्हणाला, "ज्या हातान पुसलंस तो दाव." टेबलाचा लोखंडी ड्रॉवर उघडाच होता. मी उजवा हात ड्रॉवरच्या कडेवर ठेवला. त्याने पायाने ड्रॉवर ढकलला. या दोन्ही गोष्टींच्या मध्ये हात काढून घेण्याइतका वेळ होता. मी काढला नाही. डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे तर्जनी आणि मधले बोट मोडलेले आहे.

त्यानंतर लेस्लीने मला हात लावला नाही, कपाट फोडले नाही, शिवी दिली नाही. तो फरशीवर बसला आणि त्या फिगरच्या डोक्यावरचा रंग नखाने खरवडू लागला. रंग निघत नव्हता. मी त्यावर वॉर्निशचे दोन हात दिलेले होते, नखाने निघू नये म्हणूनच देतात. मी त्याला सांगितले की राहू दे, निघणार नाही. तो खरवडत राहिला. त्याच्या नखातून रक्त आलेले मी पाहिले.

माझे ओरडणे ऐकून शेजारचे झेरॉक्सवाले धर्मेशभाई धावत आले आणि त्यांनी पोलिसांना फोन केला. भांडण एका खेळण्यावरून झाले, असे त्यांनी आपल्याला सांगितल्याचे मला समजले. माणूस चांगला आहे, जे दिसले ते बोलला. पण ठाण्याच्या कागदात तसे राहू नये, एवढी विनंती.

काल संध्याकाळी सातच्या सुमारास मी दवाखान्यातून ठाण्यात आलो तेव्हा लेस्लीची बायको बर्नडेट बाहेर उभी होती. तिने मला सांगितले ते असे. मार्च महिन्यात डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेऊन मुलीचे सांगितले. लेस्ली तेव्हा समुद्रात होता. त्याच रात्री तिने भाताच्या वाफेवर डब्याची खालची पाकळी सोडवली आणि तांडेल मुलीच्या हातात दिला. बापाने बरी झाल्यावर फोड म्हटले होते. आता फोडला, म्हणजे ती बरी होणार नाही हे नवऱ्याला सांगितल्यासारखेच होते. म्हणून सांगितले नाही. मुलीलाही सांगू नको म्हटले.

मुलगी म्हणाली होती, "पप्पा आला का तो डब्यात झोपंल." त्याप्रमाणे लेस्ली घरी असला की तांडेल डब्यात जाई, आणि बोट निघाली की बाहेर येई. पावसाळ्यात दोन महिने बोटी बंद असतात, तेव्हा तो उशीच्या अभ्र्यात असायचा. मुलीचे केस गेले तेव्हा तिने चार दिवस बसून त्याचेही काढले. तिला सलाईन लागे तेव्हा त्यालाही लागे. साखळीने त्याचा हात दुखतो म्हणून तिने तिथे लोकर बांधली. साखळी बर्नडेटने जपून ठेवली आहे, ती तिने मला पदराच्या गाठीतून काढून दाखवली. शेवटच्या दिवशी तांडेल तिच्या हातात होता. बर्नडेटने तो सोडवून डब्यात ठेवला आणि बोट लागायच्या आत खळ लावून डबा बंद केला.

नंतर का सांगितले नाही, असे मी विचारले नाही. तिनेच सांगितले. "रोज म्हणायची आज सांगन. तो त्या डब्याकडं बघत बसायचा नं मला धीर व्हायचा न्हाय. एक दिस बाजारातून आली तर डबंच गेलं." ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

याचा अर्थ, लेस्लीला माझ्याकडून समजले ते असे की डबा उघडला गेला होता, मुलीला तांडेल मिळाला होता, ती त्याच्याशी खेळली होती. पाच महिने त्या माणसाला वाटत होते की ती वाट बघत गेली. त्याचे उत्तर त्या डब्यात होते, त्याच्या घरात, त्याच्या डोळ्यांसमोर. ते बाहेर काढणारा पहिला माणूस मी, आणि मी ते घासून, धुऊन, रंगवून ठेवले.

आज सकाळी साडेसहा वाजता मी उत्तनच्या डोंगरावर, जिथे शहराचा कचरा नेऊन टाकतात तिथे गेलो होतो. घंटागाडी आमच्या गल्लीत रोज सकाळी येते, त्या हिशेबाने पट्टी आणि लोकर चार तारखेला गेली असावी. रखवालदाराने विचारले, काय हरवले, सोने का. मी नाही म्हणालो. आठ दिवसांपूर्वीचा माल कुठे असेल, असे विचारल्यावर त्याने हाताने सबंध डोंगर दाखवला, आणि ते पाहून मी खाली उतरलो. त्याआधी दोन तास फिरलो होतो. डावा हात तेवढा कामाचा होता. काही मिळाले नाही, मिळणार नव्हते.

मॅडमनी विचारले की नुकसान किती झाले. माझ्यापुरते बोलायचे तर दोन बोटे. डॉक्टर म्हणतात, जुळतील, पण बारीक ब्रश पूर्वीसारखा धरता येईलच असे नाही. ते ठीक आहे. मी दुकान बंद करणार आहे, उरलेले डबे ज्याचे त्याला परत करीन.

आता तक्रारीबद्दल. लेस्लीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्याला सोडावे. तक्रार कोणाविरुद्ध नोंदवायचीच असेल तर माझ्याविरुद्ध नोंदवा, असे मी म्हणालो, तेव्हा मॅडमनी सांगितले की असे कलम नाही.

माझी एकच मागणी आहे. काल पंचनाम्यात टेबलावरून जे सामान घेतले त्यात माझा पेन्सिलीने लिहिलेला दोषांचा कागद आहे. तांडेलाबरोबर क्लेअरने जे केले त्याचा आता तेवढाच कागद उरला आहे, आणि तो सतरा वर्षांत मी लिहिलेल्या कागदांपैकी एक चांगला कागद आहे, कारण त्यात मी काही सोडलेले नाही. तो लेस्लीला द्यावा. त्याच्या तळाशी मी गुण लिहिलेले आहेत. देण्यापूर्वी तेवढी पट्टी फाडून घ्यावी.

सदर जबाब माझ्या सांगण्यावरून मराठीत टंकलिखित केला. तो निशिगंधा मॅडमनी मला वाचून दाखवला. दोषांच्या यादीपाशी आल्यावर मी त्यांना विनंती केली की तेवढा भाग दार उघडून, बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल असा वाचावा. त्यांनी उठून दार उघडले आणि तो भाग वाचला. बाहेरून आवाज आला, "परत वाचा." त्यांनी परत वाचला. तो बरोबर आहे.

उजवा हात बांधलेला असल्याने डाव्या अंगठ्याचा ठसा.
ईश्वर नाथा भोईर

समक्ष: निशिगंधा, महिला पोलीस हवालदार